स्काडा घेताय? आधी टॅग मोजा

लहान कारखान्यात बॉयलरचं तापमान वहीत लिहिण्याऐवजी पडद्यावर दिसावं आणि तिथूनच यंत्रं चालवता यावीत, यासाठी स्काडा सॉफ्टवेअर असतं. खरा प्रश्न किमतीचा आहे.

अनेक कंपन्या 'टॅग'नुसार पैसे घेतात. एक तापमान, एका पंपाची स्थिती, असा प्रत्येक बिंदू म्हणजे एक टॅग. आज १०० पुरतात. दोन यंत्रं वाढली की परवानाही वाढवावा लागतो. 'इग्निशन'चा मुख्य परवाना मात्र टॅगऐवजी सर्व्हरनुसार असतो. 'नोड-रेड' तर मोफत आहे. पण रात्री दोनला प्रणाली बंद पडली, तर फोन कोण उचलणार?

म्हणून कोटेशनचा आकडा नव्हे, पाच वर्षांचा खर्च पाहावा. १९७९ पासूनचा मॉडबस किंवा ओपीसी यूए चालतो का, हे विचारावं. प्रोजेक्टची मूळ फाईल आणि पासवर्ड हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. नाहीतर छोट्या बदलासाठीही त्याच ठेकेदाराचे पाय धरावे लागतात.

आणि सुरक्षेचे इंटरलॉक स्काडाच्या भरवशावर कधीच सोडू नयेत. संगणक बंद पडला तर चालेल, बॉयलर सुरक्षितच राहिला पाहिजे.