सायकलींसाठी वेगळी वाट हवी? कालव्याचा काठ बघा

खुटबाव-यवत परिसरात सायकल काढली की पुणे-सोलापूर महामार्गावरची वाहने आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या चुकवणे आलेच. पण खडकवासल्याहून दौंडमार्गे इंदापूरकडे जाणाऱ्या नवीन मुठा उजव्या कालव्याच्या काठाने देखभालीची कच्ची वाट आहे. ती सायकलींना का देऊ नये?

हीच वाट का?
पाणी आपोआप वाहावे म्हणून कालव्याला अगदी थोडा उतार देतात. त्यामुळे काठावर दमवणारा चढ नसतो. फ्रान्समध्ये १६८१ मध्ये पूर्ण झालेल्या 'कनाल द्यू मिदी'च्या काठाने पूर्वी नावा ओढणारे घोडे चालत; आज तिथे सायकली धावतात.

अडचण काय?
पाणी खोल आणि वेगवान. म्हणून धोक्याच्या जागी कठडे हवेत. शेतकऱ्यांची ये-जा सुरू ठेवून बाहेरच्या चारचाकींना मात्र अटकाव हवा.

फायदा कोणाला?
२७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा कालवा फुटला. काठावर रोजचा वावर असेल तर गळती लवकर दिसते. पर्यटक येतील तेव्हा येतील. आधी शाळेची पोरे महामार्ग टाळून सुखरूप घरी पोहोचतील.