भामटा कोण आणि साव कोण?

पैशाकरिता दुसऱ्याचा गळा कापणाऱ्या इसमास नावे ठेवण्यात आपली मराठी भाषा मुळीच कृपण नाही. ठग, लुच्चा, लबाड, भामटा, भोंदू, किती म्हणून सांगावी! टोपी घालणे, शेंडी लावणे, चुना लावणे हे तर चौथीतल्या पोरालाही ठाऊक असते. परंतु शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, ही नावे कोणाच्या कपाळी मारली जातात आणि कोणास त्यांतून सूट मिळते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय?

'भामटा' हाच शब्द घ्या. हे एका जमातीचे नाव आहे. इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यासही लागू झाला, आणि अशा कित्येक जमातींची पोरे जन्मतःच चोर ठरली. कायदा 1952 साली रद्द झाला. जमातीचे नाव आज सरकारच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. पण शिवी मात्र आपल्या तोंडून रद्द झाली नाही. एकदा वर्गात एका पोराने दुसऱ्याची पेन्सिल लपविली, तेव्हा आम्ही त्यास हसत हसत 'भामट्या' म्हणालो. मागच्या बाकावरील दुसऱ्याच एका मुलाने मान खाली घातली. दाखल्यावर त्याच्या जातीच्या रकान्यात तोच शब्द आहे, हे आम्हांस मग आठवले! त्या दिवसापासून तो शब्द आम्ही टाकला.

आता दुसरी बाजू पाहा. 'साव' म्हणजे सच्चा, चोराच्या उलट. आणि शंभर रुपये देऊन दोनशेच्या कागदावर अडाणी कुणब्याचा अंगठा उठविणारास आपण काय म्हणत आलो? सावकार! पुणे जिल्ह्यातील सुपे येथे 12 मे 1875 रोजी भर बाजारात शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कागदांवर होता. खतपत्रे व वह्या जाळाव्यात, एवढेच त्यांस हवे होते. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तेथे बहुधा पुढे दांडगाई झाली नाही. सरकारदप्तरी मात्र ह्या लोकांस दंगेखोर हे नाव मिळाले. सावकार तो सावकारच राहिला. लबाडी खिशात हात घालून केली तर भामटेगिरी, आणि लेखणीने केली तर व्यवहार, असा हा न्याय!

आजचा ठक वही घेऊन ओटीवर बसत नाही. तो मोटारसायकलवरून येतो, गळ्यात ओळखपत्र अडकवितो, आणि आपण त्यास 'सर' म्हणतो. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी असाच एक 'सर' आमच्या गावी दामदुप्पट योजना घेऊन आला व आम्ही त्याच्या हाती चाळीस हजार रुपये ठेविले. पुढे त्याचा फोन लागेना. तेव्हाच आम्ही उमजलो होतो. परंतु मास्तर फसले असे गावात होईल, ह्या भयाने आठ महिने तोंड उघडले नाही. त्या आठ महिन्यांत त्याच योजनेचा दुसरा माणूस आमच्याच आळीत येऊन गेला. एका सुताराने मुलीच्या लग्नाचे पैसे दिले, एका विधवा बाईने म्हैस विकून दिले. पुढे सुतार आम्हांस एवढेच म्हणाला, "गुरुजी, तुम्ही ठेवले म्हणून आम्ही ठेवले." त्याला काय उत्तर द्यावे?

ह्या मौनाचे मूळ आमच्या मते शब्दांतच आहे. फसविणारास आपण चलाख, बेरकी, पोहोचलेला म्हणतो, व त्यात थोडे कौतुकही असते. फसलेल्यास मात्र बावळट, भोळसट, अडाणी! चोरी झालेला मनुष्य चावडीवर ओरडत जातो. फसलेला घरात दडून बसतो. ठकाचा धंदा ह्या दडून बसण्यावरच चालतो.

कायद्याने फसलेल्यास बावळट म्हटलेले नाही. पिनल कोडातील 420 वे कलम 1 जुलै 2024 पासून गेले व भारतीय न्याय संहितेचे 318 वे आले. लोकांच्या तोंडी मात्र चारशेवीसच राहणार. ठेवी बुडविणारांसाठी महाराष्ट्राचा 1999 चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे. बेकायदा सावकाराने बळकाविलेल्या जमिनीसाठी 2014 च्या कायद्याखाली जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. फोनवरून पैसे गेल्यास 1930 हा नंबर त्याच घटकेस फिरवावा; दुसरा दिवस उजाडू देऊ नये, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो.

अखेर आम्ही तिघे पोलीस ठाण्यात गेलो. आधी सुताराने सही केली, मग त्या बाईने अंगठा दिला. हवालदार आमच्याकडे पाहून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही शिकले-सवरलेले, आणि तुम्हीसुद्धा?" आम्ही होय म्हणालो व खाली सही केली.