बीपी मोजता, तसं मनाचंही विचारा

कर्नाटकातल्या औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंद तालुक्यातल्या एखाद्या मराठी घरात सत्तरीतली आजी ओट्यावर येऊन बसेनाशी होते. जेवण दोन घासांवर येतं, पहाटे तीनलाच जाग येते. ‘कशातच मन लागंना,’ एवढंच ती सांगते. घरचे म्हणतात, वय झालं. फार तर एक सलाईन लावून तिला परत आणतात. बरा होऊ शकणारा आजार असा वयाच्या नावावर खपून जातो.

२०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या वृद्धत्वविषयक ‘लासी’ पाहणीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणं आढळली. डॉक्टरांनी तसं निदान केल्याचं सांगणारे होते जेमतेम ०.८ टक्के. दहापट फरक!

उतारवयातल्या नैराश्यामागे एकटेपण असतं, जोडीदार गेल्याचं दुःख असतं; पण अनेकदा मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्याही असतात. वर्षानुवर्षं बीपी आणि शुगर चढी राहिली की त्या कडक होतात, अरुंद होतात. मेंदूचा पुढचा भाग आतल्या केंद्रांशी ज्या तंतूंनी जोडलेला असतो, त्यांना रक्त कमी पडतं. एमआरआयमध्ये तिथे पांढरे डाग दिसतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज अलेक्सोपोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये यावरूनच ‘रक्तवाहिनीजन्य नैराश्या’ची कल्पना मांडली. असा माणूस फारसा रडत नाही, तो मंदावतो. उठावं, आंघोळ करावी, हे सुचलं तरी हातून होत नाही. त्याला आळशी म्हणणं हा अन्यायच. गोळ्यांचा गुणही अनेकदा उशिरा येतो, आणि पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून त्या बंद होतात.

निदानासाठी एमआरआय लागतोच असं नाही. गावात बीपी-शुगर तपासतात, तेव्हाच दोन प्रश्न विचारावेत: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, आवडीच्या गोष्टींतला रस उडालाय का? तेही मराठीत. बाजारहाटापुरतं कन्नड येणारी आजी जिवाचं दुखणं परक्या भाषेत सांगणार नाही. उत्तर ‘हो’कडे झुकलं, तर थायरॉईड आणि बी-१२ तपासून तिला तज्ज्ञाकडे पाठवावं. कर्नाटकाच्या ‘मनोचैतन्य’ योजनेत तालुका रुग्णालयात मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येण्याची तरतूद आहे. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

मात्र नुसती चिठ्ठी देऊन भागणार नाही, कारण स्वतःहून निघण्याचं बळच या आजारात हरपतं. मुलं हैदराबाद-पुण्याला असलेल्या घरांतल्या म्हाताऱ्यांसोबत मंगळवारी कुणी जायचं, हे ग्रामपंचायतीनं आशा कार्यकर्तीबरोबर बसून ठरवावं आणि येण्याजाण्याचं भाडंही द्यावं.