नातवंडांची प्रवेशपरीक्षा आणि वडीलधाऱ्यांच्या समजुती

घरात बारावीचे मूल असले की त्या वर्षी साऱ्या घराचे वेळापत्रक त्याच्याभोवती फिरू लागते. दूरचित्रवाणीचा आवाज उतरतो, पाहुण्यांची ये-जा कमी होते आणि आजी-आजोबाही दबक्या पावलांनी वावरू लागतात. काळजी सर्वांनाच असते. मात्र वडीलधाऱ्यांची काळजी बहुधा त्यांच्या काळातील अनुभवावर उभी असते. गुणपत्रिका हाती आली की पुढील मार्ग आपोआप ठरत असे, तो काळ आता मागे पडला आहे. जुन्या मापाने नवी परीक्षा मोजली तर प्रेमाने उच्चारलेला शब्दही मुलाच्या मनाला लागतो आणि क्वचित आयुष्यभराची पुंजीही धोक्यात येते. म्हणून या वेळी, सुज्ञ वाचकहो, काही प्रचलित गैरसमजांचा विचार करू.

पहिला गैरसमज : ‘नव्वद मिळाले, मग चिंता कसली?’

‘जेईई मेन’ आणि राज्याची ‘एमएचटी-सीईटी’ या परीक्षांचा निकाल टक्क्यांत नसतो, तो ‘पर्सेंटाइल’मध्ये असतो. दोन्ही शब्द कानाला सारखे लागले तरी त्यांचा अर्थ अगदी भिन्न आहे. नव्वद टक्के म्हणजे शंभरपैकी नव्वद गुण. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेस बसलेल्या शंभर विद्यार्थ्यांपैकी सुमारे नव्वद जण त्या मुलाच्या बरोबरीने किंवा मागे आहेत. समजा, एक लाख मुले परीक्षेस बसली, तर नव्वद पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढे सुमारे दहा हजार मुले असतात. नव्व्याण्णव मिळवणाऱ्याच्या पुढेही सुमारे एक हजार. ‘एवढे गुण मिळूनही चांगले महाविद्यालय का मिळाले नाही?’ असे नातवाला विचारण्यापूर्वी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

दुसरा गैरसमज : ‘नीट उत्तीर्ण झाली, म्हणजे डॉक्टर झालीच!’

‘नीट’ परीक्षा ७२० गुणांची असते. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात आणि चुकलेल्या उत्तरामागे एक गुण वजा होतो. तीत पात्र ठरणे ही केवळ रांगेत उभे राहण्याची परवानगी असते. २०२४ साली सुमारे २३ लाख विद्यार्थ्यांनी ही परीक्षा दिली आणि १३ लाखांहून अधिक पात्र ठरले. देशभरातील एमबीबीएसच्या जागा मात्र एक लाखाच्या थोड्या वर होत्या. तेव्हा पात्र ठरूनही प्रवेश न मिळालेली मुलगी आळशी वा मंद नसते. त्या रांगेतील बहुसंख्य मुलांची स्थिती तीच असते. पेढे वाटण्याची घाई जशी करू नये, तशी दूषणे देण्याचीही करू नये.

तिसरा गैरसमज : ‘आता बारावीला काही अर्थ उरला नाही.’

हा समज नव्या पिढीतही आढळतो. प्रत्यक्षात ‘नीट’द्वारे एमबीबीएसला जाण्यासाठी खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यास बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांत मिळून ५० टक्के, तर राज्यातील अभियांत्रिकीसाठी संबंधित विषयांत ४५ टक्के गुण आवश्यक असतात, आरक्षित प्रवर्गांसाठी ही अट शिथिल आहे. आयआयटीसाठी बारावीस ७५ टक्के गुण अथवा आपल्या मंडळातील पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान हवे. खासगी शिकवणीच्या नादात महाविद्यालय व मंडळाची परीक्षा दुर्लक्षित झाल्यास हाती आलेली जागाही निसटू शकते.

चौथा गैरसमज : ‘पैसे भरले की जागा मिळतेच.’

हा समज सर्वांत महागात पडणारा आहे. ‘व्यवस्थापन कोट्यातून जागा मिळवून देतो’ असे सांगणारे मध्यस्थ नेमके निवृत्तांच्या मुदत ठेवींवर डोळा ठेवून असतात. खासगी महाविद्यालयातील एमबीबीएसची जागा, मग ती कोणत्याही कोट्यातील असो, ‘नीट’मध्ये पात्र ठरल्याशिवाय व अधिकृत प्रवेशफेरीत नोंदणी केल्याशिवाय मिळत नाही. देणगी घेऊन प्रवेश देण्यास महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. कोणी रोख रक्कम मागितली, ‘आजच निर्णय घ्या’ असा तगादा लावला किंवा मुलाचा संकेतशब्द मागितला, तर व्यवहार तेथेच थांबवावा. नातवावरील माया खरी असली, तरी उतारवयातील औषधोपचारांसाठी राखलेली ठेव अशा भरवशावर मोडू नये.

पाचवा गैरसमज : ‘एक वर्ष गेले म्हणजे आयुष्य गेले.’

‘नीट’साठी आता कमाल वयाची अट नाही आणि ती किती वेळा द्यावी यावरही बंधन नाही. ‘जेईई अॅडव्हान्स्ड’ मात्र लागोपाठच्या दोन वर्षांतच देता येते. अभियांत्रिकीची दुसरी वाटही आहे : दहावीनंतर तीन वर्षांची पदविका पूर्ण केल्यास त्या गुणांवर, प्रवेशपरीक्षेविना, पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. पुन्हा परीक्षा द्यायची की दुसरी वाट धरायची, हा निर्णय मुलाशी शांतपणे बोलून घ्यावा. शेजाऱ्यांच्या मुलाकडे पाहून घेऊ नये.

सहावा गैरसमज : ‘रात्रभर जागेल तोच पुढे जाईल.’

दिवसा वाचलेले स्मरणात पक्के बसण्याचे काम झोपेतच होते. या वयात रोज आठ तासांच्या आसपास झोप हवी. मध्यरात्री कॉफीचा पेला पुढे करण्यापेक्षा ‘आता निजायला हवे, बाळा’ हे आजीचे दोन शब्द अधिक उपकारक ठरतात. परीक्षेच्या सकाळी नवनवे पौष्टिक प्रयोगही नकोत. रोजच्या सवयीचा, हलका आहार पुरे.

मग वडीलधाऱ्यांनी करावे तरी काय? एक काम तर त्यांच्यावाचून अडते. आरक्षित प्रवर्गातील मुलांना जातवैधता प्रमाणपत्रासाठी वडिलांकडील पूर्वजांचे जुने पुरावे लागतात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, तर अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मोलाचा मानला जातो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा पणजोबांच्या जन्ममृत्यूची जुनी नोंद कोणत्या गावी, कोणत्या शाळेत सापडेल, हे घरात बहुधा त्यांनाच ठाऊक असते. निकालाची वाट न पाहता, मूल अकरावीत असतानाच ही कागदपत्रे शोधून त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. ऐन प्रवेशाच्या धावपळीत दाखल्यावाचून जागा गमावण्याचे दुःख फार मोठे असते.

दुसरे काम याहून नाजूक आहे. आई-वडील दिवसभर कामावर असतात. मुलाच्या वागण्यातील बदल घरी असलेल्या आजी-आजोबांच्या नजरेस आधी पडतो. जेवण तुटणे, झोप उडणे, मित्रांशी बोलणे बंद होणे, आवडीच्या वस्तू इतरांना देऊन टाकणे, ‘माझा सर्वांना भार झाला आहे’ अशी भाषा येणे, ही लक्षणे नाटकाची नव्हेत. तेव्हा उपदेश बाजूस ठेवून जवळ बसावे, ऐकावे, जीव नकोसा झाला आहे का, हे मायेने पण स्पष्ट विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट मुलाला मोकळे होता येते. त्याला एकटे न ठेवता आई-वडिलांना व डॉक्टरांना लगेच कळवावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते.

हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीजवळ लावून ठेवावा. आणि निकालाच्या दिवशी, आकडा कोणताही असो, ‘किती मिळाले?’ या प्रश्नाआधी ‘जेवलास का?’ हे अवश्य विचारावे.