गोठ्यातील क्षय : चाचणी एकटी पुरेशी नाही

‘डॉक्टर, गाय चारा खाते, दूध देते, मग तिला क्षय कसा असेल?’ पशुवैद्यक म्हणून मला हा प्रश्न नेहमी ऐकावा लागतो. परंतु जनावरांचा क्षय असाच फसवा असतो. जंतू अंगात शिरल्यावरही जनावर कित्येक महिने धडधाकट दिसते. खोकला येणे, खंगणे ही लक्षणे फार उशिरा दिसतात. तोवर शेजारच्या दावणीला धोका पोहोचलेला असतो आणि कच्च्या दुधावाटे घरातील मुलाबाळांनाही.

रोग ओळखण्याचा मुख्य उपाय म्हणजे ट्युबरक्युलिन चाचणी. रॉबर्ट कॉक यांनी १८९० साली ट्युबरक्युलिन औषध म्हणून पुढे आणले. औषध म्हणून ते फसले, पण निदानासाठी उपयोगी ठरले. मानेच्या कातडीत ते किंचित टोचतात आणि ७२ तासांनी कातडीची जाडी पुन्हा मोजतात. क्षयाच्या जंतूशी आधीच झुंजलेल्या पांढऱ्या पेशी तेथे गोळा होतात व सूज येते. या रोगात पेशी आधी जाग्या होतात, रक्तातील प्रतिपिंडे मागाहून वाढतात. म्हणून केवळ प्रतिपिंडे तपासून सुरुवातीचा रोग बहुधा सापडत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. ही चाचणी जंतू दाखवीत नाही, शरीराने दिलेले उत्तर दाखविते. नुकतीच लागण झालेले, नुकतेच व्यालेले किंवा रोगाने पार खंगलेले जनावर उत्तरच देत नाही. उलट पक्ष्यांच्या क्षयजंतूसारख्या भाऊबंद जंतूंमुळेही सूज येऊ शकते. म्हणून दोन्ही प्रकारची ट्युबरक्युलिने टोचून तुलना करणे चांगले. एकदा सूज आली नाही म्हणजे जनावर निर्दोष, असे समजू नये.

आता खरा प्रश्न. बाधित जनावराचे करायचे काय? ऑस्ट्रेलियाने १९७० पासून चाचणी व कत्तल हा मार्ग धरला आणि १९९७ साली देश या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात गाईंच्या कत्तलीस आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल, वळू यांच्याही कत्तलीस बंदी आहे. मग गरीब शेतकरी चाचणीलाच घाबरतो, किंवा संशयित गाय गुपचूप बाजारात विकतो. रोग एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो. यात केवळ शेतकऱ्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. बाधित जनावरांसाठी वेगळा निवारा आणि मालकाला वाजवी भरपाई, या दोन गोष्टी चाचणीबरोबरच मिळाल्या पाहिजेत. त्याशिवाय कोणी आपणहून गाय पुढे आणणार नाही.

तोपर्यंत आपल्या हाती आहे ते करावे. विकत आणलेले जनावर वेगळे बांधावे, त्याची चाचणी करून घ्यावी व सुमारे दोन महिन्यांनी पुन्हा करावी. धारोष्ण दुधाचे कौतुक पुरे झाले. दूध उकळूनच प्यावे. घरात कोणाला क्षय असेल, तर उपचार चालू असेपर्यंत त्याने गोठ्यात जाऊ नये, कारण माणसाचा क्षयही जनावराला लागू शकतो.