सहा तासांचे विजापूर

सोलापूरहून हंपीला निघालेली आमची मराठी कुटुंबे वाटेत सहा तासांत विजापूर 'उरकतात'. उरकायची ती घरकामे, शहरे नव्हेत! गोलघुमट, इब्राहिम रोजा, मलिक-ए-मैदान, बारा कमान अशी यादी वडिलांच्या हाती, पेंगुळलेले पोर आईच्या कडेवर, आणि वर उपदेश, "मुलांना इतिहास कळला पाहिजे!" पाय दुखणाऱ्या मुलाला कुठला इतिहास कळणार?

माझे म्हणणे एवढेच, की एकच वास्तू पाहा. गर्दीपूर्वी, सकाळीच, गोलघुमटाच्या सातमजली मनोऱ्यातला जिना मुलांच्या पावलाने चढा. वरच्या सज्ज्यात त्यांचा हात धरून भिंतीशी कुजबुजा. पलीकडच्या टोकाला ते ऐकू येते. १६५६ साली पुरा झालेला, सुमारे ४४ मीटर व्यासाचा तो घुमट एका हाकेला अनेकदा ओ देतो. पोर विचारील, "कसे हो, बाबा?" इतिहासाचा श्रीगणेशा तिथेच होतो. मग खाली येऊन सावलीत शिदोरी सोडा.

"इतक्या लांब येऊन बाकीचे सोडायचे?" खुशाल सोडावे! त्या इमारती शतके थांबल्या आहेत, आणखी दहा वर्षे थांबतील. तुमच्या मुलाचे पाचवे वर्ष मात्र थांबणार नाही.