सुट्टी कोणाची, शिबिर कोणाचे?

परीक्षा संपत आल्या की विद्यापीठांच्या शहरांत एक नवा हंगाम सुरू होतो. वर्तमानपत्रांच्या घडीतून रंगीत पत्रके घरात येऊन पडतात. पोहणे, घोडेस्वारी, यंत्रमानव-निर्मिती, इंग्रजी संभाषण, व्यक्तिमत्त्वविकास, संस्कारवर्ग अशी ती यादी असते. कोणते शिबिर घ्यावे आणि कोणते टाळावे, यावर पुण्यातील, नागपुरातील, अमरावतीतील सुशिक्षित घरांत गंभीर चर्चा होते. या चर्चेची थट्टा करण्याचे कारण नाही. आईवडील दोघेही नोकरी करतात, घरात आजी-आजोबा नाहीत, अंगण नाही, रस्ता वाहनांनी व्यापलेला आहे. अशा वेळी दीड महिन्याची सुट्टी ही त्या घरापुढची खरी अडचण असते. पण ज्या प्रश्नाची उत्तरे बाजारात विकत मिळतात, तो प्रश्न मुळात किती मुलांना विचारला जातो, हे पाहणे आपले काम आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यातले ढाणकी हे गाव घेऊ. पैनगंगेच्या खोऱ्यातले हे बाजाराचे गाव. कापूस, सोयाबीन, हळद आणि ऊस ही भोवतालची पिके. पलीकडे पैनगंगा अभयारण्याच्या कुशीतला, ज्याला लोक बंदी भाग म्हणतात तो, आंध आदिवासींचा आणि बंजारा तांड्यांचा मुलूख. ढाणकी ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले. पैनगंगेपलीकडे नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. म्हणजे ढाणकीच्या दोन बाजूंना दोन विद्यापीठांची शहरे आहेत. ऐपतीच्या घरांतील मुले सुट्टीत तेथे जातात. मात्र बहुधा ती शिबिरासाठी जात नाहीत, पुढच्या वर्षाचा अभ्यासक्रम आधीच उरकून घेणाऱ्या शिकवणीसाठी जातात. उरलेली मुले गावातच राहतात.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात. सुट्टी येथे लांब असते आणि ऊन अधिक कडक असते. या सुट्टीत गावातली मुले काय करतात? काही जण मामाच्या गावी जातात, काही विहिरीत डुंबतात, आंब्याच्या झाडाखाली दिवस काढतात. त्या सुखाला कमी लेखण्याचे कारण नाही. पण मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचली जातात, मे महिन्यात तेंदूची पाने तोडून त्यांचे पुडे बांधले जातात, शेतात पऱ्हाटी उपटून रान मोकळे केले जाते. ज्या घराचे पोट या कामांवर चालते, त्या घराची मुले या कामांपासून दूर राहू शकत नाहीत.

येथे कायद्याची एक ओळ मुद्दाम वाचावी लागते. १९८६ च्या बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास तिने सर्वत्र बंदी घातली, हे स्वागतार्हच होते. पण त्याच दुरुस्तीने एक अपवाद ठेवला. शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीच्या काळात, धोक्याचे नसलेले कौटुंबिक काम करून मुलाने घराला मदत केली तर ती मजुरी समजली जाणार नाही. आईबापांच्या हाताखाली काम शिकण्यात गैर काही नाही, हे म्हणणे अगदीच निराधार नाही. पण परिणाम पाहा. एकाच राज्यातील एका मुलाची सुट्टी बाजाराने भरून काढली आहे आणि दुसऱ्या मुलाची सुट्टी कायद्याने कामासाठी मोकळी ठेवली आहे. शिबिर निवडण्याच्या चर्चेत हे दुसरे मूल कोठेच नसते.

सुट्टीत काय घडते याचा शाळेशी संबंध नाही, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९८२ पासून कार्ल अलेक्झांडर, डोरिस एन्टविसल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीत प्रवेश घेतलेल्या मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. शाळा चालू असताना गरीब आणि सुस्थित घरांतील मुले जवळपास सारख्याच गतीने शिकत होती. दरी रुंदावत होती ती उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत, असे त्यांना आढळले. पुढे इतर संशोधकांनी वेगळी मोजमापे वापरून या दरीच्या आकाराविषयी शंका घेतल्या. तो वाद तज्ज्ञांनी करावा. परंतु शाळेबाहेरचा काळ समान नसतो, एवढी साधी गोष्ट समजण्यासाठी ढाणकीच्या माणसाला बाल्टिमोरला जाण्याची गरज नाही.

शिबिरांचा इतिहासही हेच सांगतो. १८६१ साली अमेरिकेत कनेक्टिकटमधील फ्रेडरिक गन या शिक्षकाने आपल्या निवासी शाळेतील मुलांना समुद्रकाठी तंबूत नेले. अमेरिकेत हेच पहिले उन्हाळी शिबिर मानले जाते. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८७६ साली, झुरिचमधील पाद्री हेर्मान वाल्टर बिऑन यांनी शहरातल्या गरीब वस्त्यांतील ६८ मुलांना आप्पेनझेलच्या डोंगरात नेले. या मुलांना स्वच्छ हवा आणि पोटभर अन्न हवे होते. शिबिर म्हणजे पैसे देणाऱ्यासाठी अनुभव, ही पहिली वाट. शिबिर म्हणजे मुलाचा हक्क आणि समाजाचे कर्तव्य, ही दुसरी. फ्रान्समध्ये दुसऱ्या वाटेने मोठा पल्ला गाठला. पॅरिसभोवतालच्या कामगारवस्त्यांतील समाजवादी आणि कम्युनिस्ट नगरपालिकांनी मुलांसाठी सुट्टीच्या वसाहती चालवल्या. १९३६ साली लेआँ ब्लूम यांच्या जनआघाडी सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली, तेव्हा सुट्टी हा राजकारणाचा विषय आहे हे साऱ्या जगाला दिसले.

महाराष्ट्रालाही दुसरी वाट अपरिचित नाही. ४ जून १९४१ रोजी राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. जातीय आणि धर्मांध संघटना मैदानावर मुलांना गोळा करीत असताना नुसती भाषणे करून भागणार नाही, मुलांच्या खेळात, गाण्यात आणि श्रमात उतरावे लागेल, ही त्यामागची जाणीव होती. सेवा दलाच्या शिबिरांत मुलांनी एका पंक्तीत जेवावे, जात विचारू नये, रस्ता झाडावा आणि रात्री कलापथकाचा कार्यक्रम पाहावा, हा क्रम होता. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांना उघडे व्हावे म्हणून उपोषण केले. त्या उपोषणाचा आशय लहान मुलापर्यंत पोचवण्याचे काम ही शिबिरे करीत होती. विदर्भात बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे भर उन्हाळ्यात तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने चालणाऱ्या गुरुदेव सेवा मंडळाची उन्हाळी शिबिरे विदर्भातल्या गावोगावी भरत आली आहेत. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या (स्थापना १९१४) उन्हाळी वर्गांची परंपराही जुनी आहे. या सर्वांच्या भूमिका एक नव्हत्या, आजही नाहीत. परंतु मुलाच्या बापाचे उत्पन्न पाहून त्याला आत घ्यावयाचे की बाहेर ठेवावयाचे, हा त्यांचा धंदा नव्हता.

मग आजच्या पालकाने शिबिर निवडावे कसे? आपल्या वाचकांतही शिक्षक, कारकून, एस.टी.चे कर्मचारी आहेत. त्यांनाही हा प्रश्न पडतो. त्यांनी पत्रकावरच्या विषयांची यादी वाचण्याआधी काही साधे प्रश्न विचारावेत. माझ्या मुलाशेजारी कोण बसणार आहे? सगळी मुले एकाच आर्थिक थरातली असतील तर ते शिबिर मुलाला काहीही शिकवो, समाज शिकवणार नाही. जेवणाची भांडी कोण घासणार आणि जागा कोण झाडणार? हे काम पगारी बाईकडे सोपवून मुलांना स्वावलंबनावर व्याख्यान दिले जात असेल, तर ते व्याख्यान मुले बरोबर उलटे ऐकतात. मुलींना पोहणे आणि मैदान आहे, की त्यांच्या वाट्याला रांगोळी आणि मेंदी आहे? किती मुलांमागे एक मोठे माणूस आहे? पाणी, सावली आणि औषध यांची सोय काय? मुलांच्या सुरक्षिततेबाबत २०१२ च्या पॉक्सो कायद्याची जाणीव चालकांना आहे काय? देशभक्ती आणि संस्कार या शब्दांआडून शेजारच्या धर्माविषयी काय सांगितले जाते? आणि शेवटी, दिवसभरात मुलाला काही न करता बसण्याची मोकळीक आहे काय? तासातासाला बांधलेली सुट्टी ही शाळेचीच पुरवणी होय.

पण नुसती चांगली निवड करणे हे समाजवाद्याचे उत्तर होऊ शकत नाही. चांगला ग्राहक होणे वेगळे आणि चांगला नागरिक होणे वेगळे. विद्यापीठे सार्वजनिक पैशातून उभी राहिली आहेत. पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली स्थापन झालेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्राने शाळकरी मुलांना सुट्टीत वैज्ञानिकांच्या सहवासात काही दिवस काढण्याची संधी दिली. तेथेच अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. या खेळण्यांची मुळे १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील १६ ग्रामीण माध्यमिक शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात आहेत. आगपेटीच्या काड्या आणि सायकलीच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्यावर ज्या विज्ञानाची सुरुवात होऊ शकते, ते ढाणकीला परवडत नाही असे कोण म्हणेल? खेड्यासाठी जन्मलेली गोष्ट शहराच्या आवारात नांदते आणि खेड्यापर्यंत परत येत नाही, हीच आपल्या शिक्षणाची अडचण आहे.

म्हणून मागणी अशी करावी की, मुलाला विद्यापीठाच्या शहरात नेण्याऐवजी विद्यापीठाने मुलाकडे यावे. त्याची साधने आजही आहेत. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिच्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचे विशेष शिबिर करावे लागते. त्यातली काही शिबिरे मे महिन्यात, गावातल्या मुलांसाठी, जिल्हा परिषदेच्या शाळेत का भरू नयेत? उन्हाचा आक्षेप खरा आहे. यवतमाळात मे महिन्यात दुपारी मुलांना बाहेर काढणे हा अपराधच ठरेल. पण सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि सूर्य मावळल्यानंतर तास-दीड तास, एवढा वेळ पुरेसा आहे. शिक्षकांच्या हक्काच्या रजेवर गदा आणू नये. जे स्वेच्छेने येतील त्यांना मानधन द्यावे. शाळेची इमारत दीड महिना कुलूपबंद ठेवण्यात कोणाचेही हित नाही.

जेवणाचाही प्रश्न आहे. शाळेत शिजवलेले जेवण मिळावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये दिला. एप्रिल २००४ मध्ये त्याच न्यायालयाने दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही हे जेवण चालू ठेवण्यास सांगितले. पोटाला सुट्टी नसते, हे तत्त्व म्हणजे न्यायालयाने एकदा मान्य केले आहे. ज्या मुलाला सकाळी खिचडी मिळेल त्याच्या आईला त्याला तेंदूच्या फळीवर नेण्याची निकड थोडी तरी कमी होईल. थोडीच, कारण मजुरीचा दर आणि कापसाचा भाव यांचा प्रश्न शिबिराने सुटत नाही, आणि तसा आव आणूही नये.

सरकार हे सर्व उद्या करील अशी आशा बाळगून बसणे हा आपला मार्ग नव्हे. मागणीचे निवेदन द्यावे, पण ते देणाऱ्या कार्यकर्त्याने येत्या उन्हाळ्यात एक आठवडा आपल्या गावातील मुलांसाठी राखून ठेवावा. ढाणकीत तीस मुले जमवणे अवघड नाही. त्यांत बाजारपेठेतल्या दुकानदाराचा मुलगा हवा, तांड्यावरची मुलगी हवी, मुसलमान मोहल्ल्यातली मुले हवीत, बौद्धवाड्यातली मुले हवीत. वाचनालयातली पन्नास पुस्तके, एक दोरी, एक चेंडू, आगपेटीच्या काड्या, गाता येणारा एक माणूस आणि पैनगंगेचे खोरे दाखवू शकणारा एक म्हातारा शेतकरी एवढे साहित्य पुरे. हे जमवायला पत्रक छापावे लागत नाही, घरोघर जावे लागते. आपण घरोघर जाणे सोडले, त्यामुळे ती जागा इतरांनी घेतली, हे कटू असले तरी सत्य आहे.

सुट्टीत मुलांना कोणीतरी हाक मारणारच. बाजार मारील, शिकवणीवाला मारील, द्वेष शिकवणारा मारील, किंवा पोटाची गरज त्यांना रानात नेईल. त्या हाकांमध्ये आपली हाक असावी की नसावी, एवढीच निवड साथींपुढे आहे. ती एप्रिलच्या आत करावी लागेल.